तापलेली गाडी आणि कुंभार्लीचा चढ

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी कुंभार्ली घाट दिवसाउजेडी पाहिला आहे? रातराणीनं चिपळूण गाठणाऱ्या बऱ्याच जणींची झोप मोडते ती थेट पोफळीला, घाट उतरून झाल्यावर! मी स्वतः माहेरवाशीण चिपळूणची, लग्न होऊन पुण्याला आले आणि वर्षातून दोनदा तरी हा घाट ओलांडते. पण तो खऱ्या अर्थानं पाहिला तो मे १९८६ मध्ये, रस्त्याच्या कडेला एका दगडावर अडीच तास बसून. आमच्या गाडीनं बसवलं म्हणून बसले, नाहीतर आपण बायका प्रवासात कुठं एवढा वेळ टेकतो?

गाडी म्हणजे आमची जुनी फियाट. कागदावर तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, पण आपल्याकडे सगळे तिला फियाटच म्हणायचे. आमची १९७४ सालची, दुसऱ्या हातानं घेतलेली. (आता ती जातच संपली म्हणायची. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं आणि मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.) पुढं जे झालं त्यात गाडीचा दोष काही नव्हता बरं का. दोष आमचा, आणि त्यातला मोठा वाटा कुणाचा ते वाचून तुम्हीच ठरवा.

निघायच्या आधी तीन दिवस, सकाळी अंगणात रांगोळी काढायला गेले की गाडीच्या पुढच्या बाजूखाली वाटीएवढं ओलं दिसायचं. पहिल्या दिवशी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी वाटीची बशी झाली. तिसऱ्या दिवशी बोट लावून बघितलं, तर तेलकट नाही, वास नाही, आणि वाळलेल्या कडेला तांबूस गंजाचा रंग. ह्यांना सांगितलं, तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, काल गाडी धुतली होती ना? तेच पाणी असेल." गाडी धुतली होती रविवारी आणि हा होता गुरुवार! पण निघायची गडबड, फराळाचे डबे, मुलांचे कपडे. मीही पुन्हा बोलले नाही. ते न बोलणं मला फार महागात पडलं असतं.

कारण या वेळचं जाणं नेहमीसारखं नव्हतं. आदल्या पावसाळ्यात माझे वडील गेले. आई त्या मोठ्या घरात एकटी. दोन्ही भाऊ लांब, एक नागपूरला, एक बडोद्याला. मी पत्रावर पत्रं लिहिली, "पुण्याला ये, निदान पावसाळ्यापुरती तरी." आई दर वेळी लिहायची, "बघू." शेवटी आठ महिन्यांनी तिचं कार्ड आलं, "येते. पण एस.टी.नं नाही जमायचं, गुडघे दुखतात." म्हणून ही गाडी, आणि म्हणून ही घाई. आईचं मन वळलं होतं, ते पुन्हा फिरायच्या आत तिला घेऊन यायचं होतं.

जाताना गाडीनं काही कुरकुर केली नाही. सातारा, उंब्रज, पाटण करत कोयनानगरला आलो. धरणाची भिंत एकशे तीन मीटर उंच आहे आणि मागं शिवसागर पसरलेला. मुलांना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप सांगितला. आईच्या मांडणीवरची भांडी त्या पहाटे कशी खणखणली होती, तेही. मग कुंभार्लीवरून खाली. उतारावर इंजिनाला कष्ट नसतात, त्यामुळं सगळं कसं छान चाललंय असं वाटतं. पोफळी आली, आंब्याफणसांचा वास आला, वाशिष्ठी दिसली की माझा माहेरचा श्वास सुरू होतो, ते काही मी सांगायला नको.

चार दिवसांनी परत निघालो. आईनं घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या काकूंकडं दिली आणि गाडीत बसली ती पायांत एक पितळी कळशी धरून. तोंडाला फडकं बांधून वर वाटी पालथी घातलेली. "हे काय गं आई?" म्हटलं, तर म्हणाली, "विहिरीचं पाणी. तुमचं नळाचं मला सोसायचं नाही, पहिले चार दिवस हे पिईन." यांनी माझ्याकडं पाहिलं, मी यांच्याकडं पाहिलं. पुण्यात पाणी सोसत नाही असं काही नव्हतं. ती यापूर्वी दोन बाळंतपणांना महिना महिना राहून गेली होती. पण मी गप्प बसले. गाडी सुटल्यावर तिनं मागं वळून बघितलं नाही, एवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

घराला कुलूप लावता लावता निघायला अकरा वाजले, तिथंच पहिली चूक. मे महिन्यातलं बारा वाजताचं ऊन, गाडीत पाच माणसं, टपावर आंब्याच्या दोन पेट्या आणि समोर कुंभार्लीचा चढ! चिपळूण जवळजवळ समुद्राच्या पातळीला आणि घाटमाथा सुमारे सहाशे मीटर उंच. ही सगळी उंची गाडीला थोड्याशा अंतरात आणि तीही दुसऱ्या गियरमध्ये चढायची असते. इंजिन जोरात फिरतं, पण गाडी हळू, म्हणजे समोरून वारा कमी. आपण भर दुपारी भरलेली बादली घेऊन जिना चढावा, तसं.

घाटातली निम्मी वळणं झाली असतील. मी बाहेर बघत होते. करवंदाच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या आणि खाली कोकण धुरकट निळं दिसत होतं. तेवढ्यात वास आला. बंब पेटवून पाणी घालायला विसरलं की येतो ना, तस्सा. यांना म्हटलं, "काटा बघा हो." काटा लाल रेघेला टेकला होता! बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ येऊ लागली, तशी यांनी गाडी कडेला घेतली. मागच्या चाकाला दगड लावला, इंजिन बंद केलं, आणि टॉवेल हाताला गुंडाळून हे निघाले थेट रेडिएटरचं झाकण उघडायला.

मी ओरडलेच, "अहो, कुकर उतरल्याबरोबर झाकण काढतं का कुणी?"

मैत्रिणींनो, ही एकच गोष्ट या लेखातून लक्षात ठेवलीत तरी पुरे. गाडीचा रेडिएटर म्हणजे आपला प्रेशर कुकरच. इंजिनाची उष्णता पाणी घेऊन येतं, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत वाऱ्यानं निवतं आणि पुन्हा इंजिनात जातं. झाकणाला स्प्रिंग असते. ती आत दाब धरून ठेवते, त्यामुळं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, आणखी वर गेल्यावर उकळतं. म्हणूनच झाकण एकदम उघडलं की दाब जातो आणि ते सगळं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. आणि उंचावर पाणी आधीच लवकर उकळतं, हे महाबळेश्वरला डाळ शिजवलेल्या कुणालाही माहीत आहे; तिथं ते पंचाण्णव-शहाण्णव अंशांनाच उकळतं. तेव्हा घाटात झाकणाचा दाब गेला की गाडी दुप्पट अडचणीत. थांबायचं किती? वरची जाड रबरी नळी फडक्यानं दाबून बघायची. टणक असेल तर आत दाब आहे. मऊ लागली की मग फडक्याची चौघडी करून झाकण अर्धा आटा फिरवायचं, फुस्स आवाज थांबू द्यायचा, आणि मगच काढायचं. पाऊण तास तरी जातो.

तो पाऊण तास आम्ही करवंदं खाल्ली. आई गाडीतून उतरून एका दगडावर बसली, कळशी शेजारी. मुलं "आजी, भूत जेवलं का गं गाडीत?" असं काहीबाही विचारत होती. आई हसली नाही. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "बघ, घर सोडूच देत नाही." मला चर्रर्र झालं. मे महिन्यातली दुपार आणि माझ्या पोटात गोळा. आता ती म्हणाली, की परत चला चिपळूणला, तर मी काय उत्तर देणार होते?

तेवढ्यात वरून कांद्याचा एक ट्रक आला आणि थांबला. चालक पाटणकडचे, पन्नाशीचे, डोक्याला पटका. क्लीनरला म्हणाले, "पाना घे," आणि काही न विचारता बॉनेटमध्ये वाकले. त्यांनी दहा मिनिटांत जे केलं, ते मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि तेच तुम्हाला सांगते. कारण पुढं आयुष्यभर ते मला उपयोगी पडलं.

आधी त्यांनी पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबला. पट्टा बोटभर खाली गेला की ठीक, पण आमचा दोन बोटं गेला. "ढिला हाय." त्या जुन्या गाड्यांत पंखा आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरायचे, पट्टा घसरला की वाराही कमी आणि पाणीही सावकाश. डायनामोचा नट सैल करून, पहारीनं ओढून त्यांनी तो ताणून दिला. मग नळ्यांवरून बोट फिरवलं, क्लिपा बघितल्या. त्या धड होत्या. मग रेडिएटरच्या खालच्या बाजूला बोट थांबलं. तिथं पांढरट तांबूस ओघळ वाळलेला होता. आपल्या बंबाच्या तोटीखाली क्षार धरतो ना, अगदी तसा! "हितनं पाझरतंय. लई दिवसाचं हाय हे." मी यांच्याकडं बघितलं. हे करवंदाची जाळी निरखत होते.

"वैनी, हळद हाय का डब्यात?"

मला वाटलं कुणाला लागलं की काय! आईनं मात्र विचारलंसुद्धा नाही कशाला. तिच्या ट्रंकेत घरच्या हळदीची पुरचुंडी होतीच. कोकणातून निघालेली बाई हळद, कोकम आणि कुळथाचं पीठ घेतल्याशिवाय निघते का? दोन-तीन चमचे हळद पाण्यात कालवून रेडिएटरात टाकली की ती फिरत फिरत बारीक भोकांत जाऊन बसते, फुगते आणि पाझर थांबतो, असं त्यांनी सांगितलं. ट्रकवाल्यांचा हा फार जुना उपाय. तात्पुरता, हं! तो का, ते पुढं येतंय.

आता प्रश्न पाण्याचा. मे महिन्यात घाटातले झरे आटलेले, पोफळी मागं राहिलेली. लहान गाडीला चार-पाच लिटर पाणी लागतं आणि आमचं बहुतेक सगळं वाफेबरोबर गेलेलं. ट्रकच्या डब्यात लिटरभर होतं, तेवढं त्यांनी दिलं. मुलांच्या बाटलीत पेलाभर. आणि मग सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी वळले, पण बोलेना कुणी. मी तर नाहीच. माझी जीभच वळेना.

आई उठली. कळशीवरची वाटी काढली, फडकं सोडलं, आणि कळशी त्या चालकांच्या हातात दिली. "घाला," म्हणाली. "सगळं नको हो, थोडं ठेवा," असं मी पुटपुटले, तर म्हणाली, "गाडी पोचली तर मी पोचेन ना? घाला तुम्ही."

इंजिन सुरू करून, हळूहळू, धार धरून पाणी घातलं. हेही लक्षात ठेवा: तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर लोखंड तडकतं, काचेच्या पेल्यासारखं. आधी निवू द्यायचं आणि मग धारेनं घालायचं. कळशी तळाला गेली तेव्हा पाणी काठाला आलं, पिवळंधमक. झाकण पुरतं घट्ट न करता पहिल्या आट्यावर ठेवायला त्यांनी सांगितलं, म्हणजे आत दाब चढत नाही आणि पाझर वाढत नाही; मात्र त्यामुळं पाणी लवकर उकळतं, तेव्हा गाडी सावकाश न्यायची आणि दर गावाला थांबून पाणी बघायचं. पैसे घेईनात. आईनं पेटीतले डझनभर आंबे क्लीनरच्या ओंजळीत घातले. निघताना यांनी चाकाचा दगड उचलून कडेला टाकला. तो रस्त्यात तसाच ठेवून जाणारी मंडळी मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचा जीव घेतात, हे जाता जाता सांगते.

हेळवाकला थांबलो. तिथं कोयना वळण घेऊन पूर्वेला कऱ्हाडकडं निघते. यांनी पाणी पाहिलं: बोटभर उतरलेलं. पाटणला पाहिलं: तेवढंच. उंब्रजला चहा घेतला. खंबाटकी चढताना मी काट्यावरची नजर काढली नाही आणि कात्रजला तर देवाचं नाव घेत होते. रात्री दहाला घरी पोचलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी रेडिएटर खाली सोडला, तर पिवळं पाणी! "वहिनी, गाडीला फोडणी दिलीत की काय?" म्हणाले. पण मग गंभीर होऊन सांगितलं, की हळद भोक बुजवते तशी चांगल्या नळ्याही बुजवते. घरी पोचलं की रेडिएटर धुऊन, पाझरणाऱ्या जागी डाग द्यायलाच हवा. तो त्यांनी दिला. मग थर्मोस्टॅट काढून माझ्याच स्वयंपाकघरात आणला. ही एक छोटीशी झडप असते, इंजिन गार असताना बंद आणि तापल्यावर उघडणारी. ती अडकली तर गाडी पाच-दहा मिनिटांतच तापते. तपासायची रीत इतकी सोपी की आपल्याला हसू यावं: पातेल्यात पाणी घालून ती दोऱ्यानं टांगायची आणि गॅस पेटवायचा. पाणी उकळायच्या बरंच आधी, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास, ती उघडली तर ठीक. उकळी आली तरी बंद, तर फेकून द्या. आमची उघडली. (पातेलं मी नंतर चिंचेनं दोनदा घासलं.)

तेव्हापासून अंगणातल्या डागाचं खातं माझ्याकडं आलं. तुम्हीही घ्या, पुरुषांना तो डाग दिसत नाही, कारण अंगण ते झाडत नाहीत. शंका आली की रात्री गाडीखाली रद्दीचा पेपर पसरायचा, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून. सकाळी डाग कुठं आणि कसला ते बघायचं. पुढच्या बाजूला पाणी, तांबूस किंवा कूलंट असेल तर हिरवं, गुलाबी, गोडसर वासाचं, तर रेडिएटर किंवा नळ्या. काळपट, बुळबुळीत, इंजिनाखाली, तर इंजिन ऑइल. दाट आणि नाक मुरडावं असा वास, तर गियरचं. पण चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर तेलकट डाग दिसला, तर गाडी जागची हलवू देऊ नका, मग कुणी कितीही घाईत असो. ते ब्रेकचं तेल. हल्लीच्या वातानुकूलित गाड्यांखाली उन्हाळ्यात स्वच्छ पाणी ठिबकतं, त्याची मात्र काळजी नको.

आणि डाग कुठंच नाही, तरी पाणी कमी होतंय, असं झालं तर? मग इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाळ कॉफीसारखा फेस दिसला किंवा मागून पांढरा धूर सुटतच राहिला, तर पाणी इंजिनाच्या आत झिरपतंय. कुकरची रिंग जाते तशी आतली गॅस्केट गेली. हा खर्च मोठा, पण तशीच गाडी चालवलीत तर त्याहून मोठा. गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंखा बघायला सांगा. चढावरच तापते, तर पाणी कमी किंवा रेडिएटर तुंबलेला.

आताच्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो, पाणी बघायला पांढरट डबा असतो आणि त्यावर वरची-खालची रेघ असते. गार इंजिनावर ती रेघ बघायला आपल्याला कुणाची परवानगी नको. कूलंट मात्र उघड्या भांड्यात ठेवू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं. लहान मुलं, कुत्री, मांजरं चाटतात.

आई पुण्यात दिवाळीपर्यंत राहिली. पहिले चार दिवस नळाचं पाणी पिऊन तिला काहीही झालं नाही, आणि त्याबद्दल आम्ही दोघींनी एक अक्षर काढलं नाही. दिवाळीनंतर आम्ही तिला चिपळूणला सोडलं आणि पुढच्या मे महिन्यात परत आणायला गेलो. गाडी अंगणात उभी राहताच तिनं आधी वाकून खाली बघितलं. निघताना पायरीवर कळशी होती आणि शेजारी पत्र्याचा पाच लिटरचा डबा, तोही विहिरीच्याच पाण्यानं काठोकाठ भरलेला.

"कळशी माझी," ती यांना म्हणाली. "डबा तुमच्या गाडीचा. आणि हे बघा, या खेपेला सकाळी सहाला निघायचं."